खाऱ्या पाण्याने खाल्लेला एक्झॉस्ट बेंड: टाका मारावा की नवा करावा?

मांडव्याला ओढून ठेवलेल्या आपल्या जुन्या शिडाच्या नावेच्या इंजिनाचा बिडाचा (ओतीव लोखंडाचा) एक्झॉस्ट बेंड, म्हणजे धूर बाहेर नेणारी वाकडी नळी, खालून भोक पडल्यामुळे आपण जळगावला आणला आहे आणि येथे त्याला वेल्डिंगचा टाका मारून घ्यावा काय, असे विचारले आहे. मारून घेऊ नये.

तापी-गिरणेकाठच्या पंपांची इंजिने सांभाळणारे आपले कारागीर निकेलच्या रॉडने बीड उत्तम जोडतात, याबद्दल वाद नाही. परंतु पंपाच्या सायलेन्सरमधून कोरडा धूर जातो, तर नावेच्या बेंडमध्ये पुढचा रबरी होज जळू नये म्हणून त्या धुरातच समुद्राचे पाणी सोडलेले असते. गरम खारे पाणी आणि धुरातील गंधकापासून तयार होणारे आम्ल मिळून बीड आतून खातात. एप्रिल २०२० पासून मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दशलक्षात १० भागांपर्यंत खाली आले आहे खरे, पण मीठ आहे तेवढेच आहे. भोक बाहेर दिसते तोवर आजूबाजूची भिंतही पातळ झालेली असते. मीठ आणि काजळी मुरलेल्या अशा बिडात टाका नीट धरत नाही, आणि धरला तरी शेजारी चीर जाते. बेंडच्या आत टॉर्च मारून पाहा. काजळीने वाट अरुंद झाली असेल, तर इंजिन काळा धूर का टाकत होते आणि भाराखाली का तापत होते, याचाही उलगडा होईल.

तयार बिडाचा बेंड मिळाला तर तोच घ्यावा. न मिळाल्यास डेअरीचे पाईप जोडणाऱ्या आर्गन वेल्डरकडून जाड भिंतीच्या स्टेनलेस पाईपचा करून घ्यावा, मात्र ३१६एल हा प्रकार स्वतः मागून घ्यावा, कारण सहज हाती येणारे ३०४ खाऱ्या पाण्यात बारीक भोके पडून लवकर खाल्ले जाते. वेल्डिंग करताना पाईपच्या आतूनही आर्गन सोडायला सांगावे, नाहीतर सांध्याची आतली बाजू जळते आणि गंज तेथूनच सुरू होतो.

जुना बेंड भंगारात देऊ नका. नमुना तोच आहे. फ्लँजच्या (बोल्ट बसणाऱ्या कडेच्या) भोकांचे अंतर कोणीही मोजील, पण पाणी आत येणाऱ्या नळीची जागा चुकली तर इंजिन जाईल. ती नळी बेंडच्या माथ्यापलीकडे, उताराच्या बाजूलाच हवी, म्हणजे इंजिन बंद झाल्यावर पाणी सिलिंडरकडे परतणार नाही. इंजिन नावेच्या पाणरेषेखाली असेल, तर पाणी आपोआप ओढले जाऊ नये म्हणून पाण्याच्या नळीवर सायफन तोडणारा व्हॉल्व्हही लागतो. त्याच कारणाने, इंजिन सुरू होत नसताना समुद्राच्या पाण्याचा कॉक उघडा ठेवून स्टार्टर पुन्हा पुन्हा मारू नये, कारण धुराच्या जोराअभावी ते पाणी मफलरमध्ये (नावेच्या सायलेन्सरमध्ये) साचते आणि मागे चढते.

बसवताना मॅनिफोल्डचा (सिलिंडरांतील धूर एकत्र करून बेंडकडे देणाऱ्या भागाचा) फ्लँज सपाट आहे याची खात्री करून नवे पॅकिंग घालावे आणि इंजिन एकदा तापून थंड झाल्यावर नट पुन्हा आवळावेत. सांधा गळत राहिला तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरतो, आणि त्याला ना रंग ना वास. जळगावाहून निघताना एखादे जादा पॅकिंग सोबत असू द्या.