पुण्यातली नोकरी गेली, सोलापूरला परत आलोय. रोज नकार पचवून उमेद कशी टिकवू?

तुम्ही लिहिलंय की बी.कॉम. झालंय, टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर येतं, पुण्याच्या कंपनीने माणसं कमी केली त्यात तुमची नोकरी गेली. आता घरी बसून अर्ज टाकताय, उत्तर येत नाही, ओळखीचं कुणी दिसलं की रस्ता बदलता. आणि विचारताय, ‘चिकाटी संपत चाललीये, ती आणायची कुठून?’ मीही हिशेबाच्याच लाइनमधला. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ज्या टॉवेलच्या कारखान्यात होतो तो बंद पडला, तेव्हा असाच घरी बसलो होतो. म्हणून लिहितोय.

माझं मत स्पष्ट आहे. एकट्याच्या जिवावर चिकाटी फार दिवस पुरत नाही, कुणाचीच. तुमची संपत आली याचा अर्थ तुम्ही कच्चे आहात असा होत नाही. चार माणसांत बसलं की ती टिकते. तेव्हा या आठवड्यात अर्ज दोन कमी गेले तरी चालेल, पण नोकरी शोधणारी आणखी दोन-तीन माणसं गाठा.

घरी बसलं की आधी दिवस विस्कटतो. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं गाव एका कापड गिरणीवर जगायचं. 1930 च्या सुमारास ती गिरणी बंद पडली. मेरी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या संशोधकांनी तिथल्या माणसांचं जगणं बारकाईने टिपून ठेवलं. दिवसभर वेळच वेळ, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं. रस्त्यावरून पुरुष हळू चालायला लागले. आज काय काय केलं असं विचारलं तर त्यांना धड सांगता येईना. सोलापूरकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. मिलचा भोंगा थांबल्यावर नुसती बसून राहिलेली माणसं आमच्या मोठ्यांनी घराघरांत पाहिलीत. ती आळशी नव्हती, उलट हाडाची कष्टाळू होती. पण दिवसाला धरून ठेवणारं काही उरलं नव्हतं, आणि दिवस सुटला की माणूसही सुटत जातो.

आमचं चौघांचं जमलं ते एका अभ्यासिकेत. मी, आयटीआय केलेला एक इलेक्ट्रिशियन, टेक्स्टाइल डिप्लोमावाला एकजण आणि डी.एड. झालेल्या एक ताई. चौघांच्या लाइनी वेगळ्या, म्हणून एकमेकांशी स्पर्धा नव्हती, हे फार बरं झालं. सकाळी दहाला यायचं आणि काल काय केलं ते सांगायचं, एवढंच ठरलेलं. कुणी आलं नाही की फोन जायचा, ‘काय बे, कुठं हायस?’ अंथरुणातून उठावंसं वाटत नसतानाही मी कितीदा तरी त्या फोनच्या धाकाने आंघोळ करून बाहेर पडलोय. एक फुलस्केप वही होती. तारीख, कुठे अर्ज टाकला, कुणाशी बोललो, परत कधी विचारायचं, असे रकाने आखलेले. डोक्यात सगळे नकार एकत्र होऊन मोठे दिसतात. वहीत लिहिले की कळतं, यातल्या निम्म्या ठिकाणी नकार आलेलाच नाही, आपणच परत विचारलं नव्हतं.

इलेक्ट्रिशियनची गोष्ट सांगतो. पोरगा पूर्व भागातला, घरात तेलुगू. कामात हुशार, पण ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की तोंडाला कुलूप. ताईंनी आमच्यासमोर त्याची तयारी घेतली. म्हणाल्या, ‘तुझ्याबद्दल राहू दे, मोठी मोटर चालू कशी करतात ते मला सांग. मला काही येत नाही असं धर.’ त्याने पेन घेतलं, माझ्याच वहीत स्टार-डेल्टा स्टार्टर काढला आणि सुटला, ‘ताई, आधी स्टारमधी घ्यायची. तवा करंट कमी ओढती. स्पीड धरला की टायमर डेल्टावर टाकतो. डायरेक्ट डेल्टात घेतली तर झटका बसतो, ट्रिप मारती.’ ताई म्हणाल्या, ‘झालं की. मुलाखतीला हेच बोल, याच भाषेत.’ आठवड्याभरात तो एका कारखान्यात मेंटेनन्सला लागला. तिथं जागा आहे हे मला कळलं होतं, कारण तिथले दिवाणजी माझ्या जुन्या ओळखीतले. आणि माझी आताची नोकरी, गणवेश शिवणाऱ्या युनिटमध्ये हिशेबाची, ती ताईंकडे शिकवणीला येणाऱ्या एका मुलाच्या वडिलांमुळे.

हा निव्वळ योगायोग नव्हता. आपले जवळचे मित्र आपल्याला जे माहीत आहे तेच सांगतात. नवी बातमी येते ती लांबच्या ओळखीतून, हे मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्येच मांडलंय. चार वेगळ्या लाइनीची माणसं एकत्र बसली की चौघांच्या लांबच्या ओळखी एका टेबलावर येतात. अमेरिकेत नेथन ॲझरिन या मानसशास्त्रज्ञाने 1975 मध्ये नोकरी शोधणाऱ्यांचे असेच गट करून पाहिले. जोड्या लावल्या, एकमेकांचे अर्ज वाचायला लावले, जागा कळली की सगळ्यांना सांगायला लावलं. एकेकट्याने शोधणाऱ्यांपेक्षा गटातल्यांना नोकऱ्या जास्त मिळाल्या, आणि लवकरही.

एक गोष्ट मात्र आधीच बोलून ठेवा. गटातला पहिला लागतो त्या दिवशी उरलेल्यांच्या पोटात कालवतं. पेढा गोड लागत नाही. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. आमचं ठरलं होतं की जो लागेल त्याने सगळे लागेपर्यंत रविवारी यायचं. इलेक्ट्रिशियन रात्रपाळी करून, डोळे लाल असताना येऊन बसायचा. त्याच्यामुळे मागे राहिलेल्यांना आपण मागे राहिलोय असं वाटलं नाही.

आता तुमच्या लाइनपुरतं. कर सल्लागार आणि सीए यांच्याकडे महिन्याच्या 11 ते 20 तारखेत जाऊ नका. जीएसटीची विवरणपत्रं भरायच्या त्या तारखा, 11 ला जीएसटीआर-1, 20 ला 3बी, त्या दिवसांत कुणाला मान वर करायला सवड नसते. 21 नंतर दुपारी बायोडेटा घेऊन स्वतः जा. इन्कम टॅक्सची विवरणपत्रं आणि टॅक्स ऑडिटच्या दिवसांत, म्हणजे साधारण जून ते सप्टेंबर, त्यांना जादा हात लागतातच. तीन-चार महिन्यांचं काम असलं तरी घ्या, कारण तिथे कारखानदार येत-जात असतात आणि काम करताना पाहिलेल्या माणसाला लोक विसरत नाहीत. राज्य सरकारच्या महास्वयम या रोजगार पोर्टलवर नोंदणी करून ठेवा. जिल्हा कौशल्य विकास केंद्राचे रोजगार मेळावे असतात, तिथे जोडीने जा. नोंदणी फी, डिपॉझिट किंवा मूळ प्रमाणपत्रं कुणी मागितली तर तिथून उठा.

घरच्यांचं म्हणाल तर वडिलांना ती वही दर रविवारी दाखवा. रोजचं ‘काय झालं?’ बऱ्यापैकी कमी होतं. त्या प्रश्नामागे काळजीच असते, फक्त त्यांना दिसत काही नसतं.

पुण्याचा रस्ताही बंद करू नका. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी जाऊन मुलाखत देऊन रात्री घरी येता येतं, खोली घेऊन राहायची घाई नको. ऑफर हातात आली की मग बघा.

आणि कुणीच सापडत नसेल, तर एक माणूस मी आहेच. पत्ता आणि फोन नंबर काढून टाकून बायोडेटा मला इथे मेसेजमध्ये पाठवा, दोन दिवसांत वाचून काय बदलायचं ते कळवतो. तुमच्यासारखं आणखी कुणी सोलापुरात शोधत असेल तर त्यांनीही खाली लिहा. दोघं-तिघं झालात की सकाळी दहाची वेळ ठरवून टाका.