यंत्राला बुद्धी म्हणावं का?

दादरच्या एका वाचकाची शंका: 'कृत्रिम बुद्धिमत्ता' म्हणायचं की 'कृत्रिम प्रज्ञा'? आणि यंत्र माणसाची बरोबरी करतं की नाही हेच ठरलेलं नसताना त्याला बुद्धी बहाल करणं घाईचं नाही का?

माझं मत 'बुद्धिमत्ते'ला. प्रज्ञा हा मुरलेला शब्द आहे. 'स्थितप्रज्ञ' आठवा. आणि चैत्यभूमीच्या शेजारी राहणाऱ्याला 'प्रज्ञा, शील, करुणा' ही त्रयी मी काय सांगावी! त्या पंगतीतल्या शब्दाला 'कृत्रिम' चिकटवलं की दाताखाली खडा आल्यासारखं होतं.

बुद्धीचं तसं नाही. सांख्य या प्राचीन भारतीय दर्शनाच्या तत्त्वज्ञांच्या मते बुद्धी ही प्रकृतीचीच (जड जगाच्या मूळ द्रव्याची) निपज, म्हणजे मुळात जड, चैतन्य 'पुरुषा'चं, म्हणजे आत्म्याचं. (त्यांच्या डोळ्यांसमोर संगणक नव्हता, हे कबूल.) बुद्धी आणि जाणीव यांची अशी फारकत आपल्याकडे आधीच झालेली असल्यामुळे, यंत्राला पहिली दिली म्हणून दुसरी द्यावी लागत नाही. ब्रिटिश गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंगनेही १९५० साली 'यंत्रं विचार करू शकतात का?' हा प्रश्न फार मोघम म्हणून बाजूला ठेवला आणि लेखी उत्तरांवरून माणूस कोण, यंत्र कोण हे ओळखण्याचा खेळ सुचवला. खेळ बुद्धीचा, मनाचं काय, ते त्यातून कळत नाही.

बोलीत मात्र यंत्राच्या वाट्याला येते ती 'अक्कल', तीही नसलेली. आमच्या इमारतीची लिफ्ट खच्चून भरलेली असली तरी मजल्यामजल्यावर थांबते. शेजारच्या काकू म्हणतात, "मेलीला अक्कल म्हणून नाही!" 'बुद्धी नाही' असं त्या म्हणणार नाहीत. अरबीतून आलेला हा शब्द मराठीत बहुतेक उणा पडल्यावरच निघतो: अकलेचा कांदा, अकलेचं दिवाळं, अक्कल गहाण. (अक्कल, पण अकलेचा, विभक्ती लागली की एक 'क' गळतो.)

आणि तीच लिफ्ट बंद पडली की याच काकू, "आज तिच्या मनात नाही दिसत!" म्हणजे नीट चालली तर यंत्र, रुसली तर मन. याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

जाता जाता: सुटा शब्द 'बुद्धी', पण 'बुद्धिमत्ता' लिहिताना 'द्धि' ऱ्हस्व. 'बुद्धीमत्ता' हल्ली पाट्यांवरही दिसतं, ते चूक.