‘रोझ बोल’ म्हणजे गुलाब चषक नव्हे

प्रश्न अमेरिकेतून, ऑरेगनमधून आला आहे. विचारणाऱ्या ताईंचा मुलगा तिथल्या विद्यापीठात शिकतो. मराठी मंडळींच्या घरगुती अंकासाठी त्या कॉलेज फुटबॉलवर लेख लिहीत आहेत. (फुटबॉल म्हणजे अर्थात अमेरिकन फुटबॉल, हातात चेंडू घेऊन पळायचा.) त्यांनी एक वाक्य पाठवलं आहे: ‘माध्यम हक्क अनुदान संपल्यामुळे पॅक-12 परिषद अस्थिर झाली, पण गुलाब चषक व इतर चषकांचे बंध टिकले.’ (पॅक-12 म्हणजे पश्चिमेकडच्या विद्यापीठांची खेळांसाठीची संघटना, इंग्रजीत ‘कॉन्फरन्स’.) सगळं शब्दकोशात बघून लिहिलं, तरी वाक्य मराठी वाटत नाही, कुठं चुकतंय, असं त्या विचारतात. ताई, हे जाणवलं म्हणजे तुमचा कान शाबूत आहे. एकेक शब्द घेऊ.

पहिला ‘बोल’, ज्याचा तुम्ही ‘चषक’ केलात; ‘रोझ बोल’ या लढतीचा ‘गुलाब चषक’ झाला तो त्यामुळे. उच्चार गोल, मोल यांच्या जातीचा. आपल्याकडे ‘बाऊल’ लिहिण्याची सवय पडली आहे, पण बाऊल म्हटलं की मला बंगालचे एकतारीवाले गायकच आठवतात. तेव्हा ‘बोल’च लिहा. तबल्याच्या बोलांशी गोंधळ होईल असं वाटलं, तर पहिल्यांदा ‘बोल-लढत’ लिहा.

शब्दकोशात या शब्दाला वाडगा, कटोरा असे अर्थ दिसतात. खेळात भांडं आलं की मराठी मन सरळ ‘चषक’ म्हणतं. विश्वचषक, आशिया चषक. चषक हे मुळात पिण्याचं पात्र. रणजी करंडकातला करंडक म्हणजे छोटी पेटी, कुंकवाचा करंडा त्याच घरातला. ही सगळी भांडी जिंकणारा घरी घेऊन जातो. ‘रोझ बोल’मधलं भांडं मात्र कुणाला घरी नेता येत नाही, कारण ते भांडं म्हणजे मैदान!

त्याचं असं झालं. न्यू हेवनला येल विद्यापीठाने 1914 साली एक मैदान बांधलं. जमीन उकरून खेळायची जागा खाली घेतली आणि निघालेली माती भोवती रचून त्यावर बसायची सोय केली. वरून पाहिलं तर जेवणातला द्रोण. लोक त्याला ‘येल बोल’ म्हणू लागले. तोच नमुना समोर ठेवून कॅलिफोर्नियात पासाडीनाला 1922 साली मैदान उभं राहिलं. तिथे नववर्षाच्या दिवशी गुलाबाच्या फुलांचा उत्सव भरायचा, म्हणून हे ‘रोझ बोल’. गंमत म्हणजे सुरुवातीला ते घोड्याच्या नालेसारखं एका बाजूला उघडं होतं. द्रोण पुरा झाला 1928 मध्ये. त्या उत्सवात फुटबॉलची पहिली लढत 1902 सालीच झाली होती आणि मिशिगनने स्टॅनफर्डला 49-0 असं लोळवलं होतं, पण तेव्हा तिला कुणी बोल म्हणत नव्हतं. 1923 मध्ये लढत नव्या मैदानात गेली आणि मैदानाचं नाव लढतीला चिकटलं. पुढे मायामीने ‘ऑरेंज बोल’ काढला, न्यू ऑर्लिन्सने ‘शुगर बोल’, डॅलसने ‘कॉटन बोल’. तोवर आकाराचा संबंध सुटला होता. बोल म्हणजे हंगाम संपल्यावरची मानाची लढत, एवढाच अर्थ उरला.

आपल्या वाचकाला हे पटवायला दूर जायला नको. 2021 च्या जूनमध्ये भारत आणि न्यूझीलंड यांच्यात कसोटी विश्वविजेतेपदाचा अंतिम सामना झाला तो साउदॅम्प्टनच्या ‘रोझ बोल’वर. तिथे बोल हे मैदानाचंच नाव होतं आणि जिंकणाऱ्याला मिळाली ती गदा. तो सामना ‘गुलाब चषक’ होता असं कुणी म्हणालं नाही.

जागेचं नाव प्रसंगाला पडणं मराठीत पाहायचं असेल, तर कुस्तीकडे या. कोल्हापूर-सांगलीकडे ‘यंदा कुंडलचं मैदान चुकवलं नाही’ असं कुणी म्हणालं, तर तो जमिनीबद्दल बोलत नसतो. मैदान म्हणजे तिथे भरलेल्या कुस्त्या. कोल्हापूरचं खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधलं आणि ते 1912 मध्ये, येलच्या दोन वर्षं आधी, पुरं झालं. लहानपणी वडिलांबरोबर मी तिथे अगदी वरच्या पायरीवर बसलो होतो. खाली तळाशी तांबड्या मातीचा गोल, भोवती चढत गेलेली माणसं. पैलवानाने शड्डू ठोकला की आवाज उशिरा, पण स्पष्ट वर यायचा. ‘बोल’चा आकार मला कळला तो त्या दिवशी, इंग्रजी शब्द कळायच्या कितीतरी आधी. म्हणून ‘रोझ बोलचं मैदान’ असं लिहिलंत तर जागा आणि लढत दोन्ही अर्थ एका शब्दात येतील.

आता तुमचे ‘बंध’. मूळ शब्द आहे ‘टाय-इन’, आणि त्यालाही कुस्तीतच शब्द सापडतो. जत्रेच्या आधी पारावर पत्रक लागतं: एक नंबरची कुस्ती, दोन्ही पैलवानांची नावं, त्यांच्या तालमी, इनामाची रक्कम. ही ‘नेमलेली जोड’. बोल-लढतींचे करार हे असंच नेमणं आहे. फरक एवढाच की हंगामाआधी पैलवानाचं नाव माहीत नसतं, म्हणून तालीम आणि क्रमांक नेमतात: या तालमीचा दोन नंबरचा मल्ल विरुद्ध त्या तालमीचा तीन नंबरचा. हंगामात निदान सहा सामने जिंकलेला संघ पात्र ठरतो आणि आपापल्या क्रमांकाच्या खुर्चीवर बसतो. रोझ बोलने 1946 मध्ये बिग टेन (मध्य-उत्तर अमेरिकेतल्या विद्यापीठांची कॉन्फरन्स) आणि पॅसिफिक किनाऱ्याची कॉन्फरन्स (आजच्या पॅक-12 ची पूर्वज) यांच्याशी असा करार केला आणि 1947 पासून पन्नासहून जास्त वर्षं या दोन तालमींचे संघ एक जानेवारीला भिडत राहिले. 2002 मध्ये ही जोड पहिल्यांदा मोडली. तेव्हा ‘बंध’ किंवा ‘संलग्नता’ नको, ‘नेमलेली जोड’ लिहा. अनेकवचन ‘नेमलेल्या जोड्या’.

‘कॉन्फरन्स’ला तुम्ही ‘परिषद’ म्हटलंय. त्याला नाक मुरडणारे भेटतील, पण मला तो शब्द आवडला. आपल्याकडे गोलमेज परिषद ही बैठक आणि जिल्हा परिषद ही कायमची संस्था, एकाच शब्दात दोन्ही. इंग्रजी शब्दाचाही प्रवास तोच झाला. मिडवेस्टातल्या सात विद्यापीठांचे अध्यक्ष 1895 मध्ये शिकागोत एकत्र बसले. पुढच्या वर्षी प्राध्यापक प्रतिनिधींची संस्था झाली. तिचं नावच ‘प्राध्यापक प्रतिनिधींची आंतरमहाविद्यालयीन कॉन्फरन्स’, आणि कागदोपत्री ते 1987 पर्यंत राहिलं. तीच आजची बिग टेन. बैठकीची संस्था झाली, संस्थेची बाजारपेठ झाली, नाव मात्र बैठकीचंच राहिलं. ‘गट’ टाळा. क्रीडापानावर अ गट, ब गट हे एका स्पर्धेपुरते असतात. चालू लेखात ‘कॉन्फरन्स’ ठेवलंत तरी हरकत नाही.

नावांतल्या आकड्यांचं भाषांतर करू नका. बिग टेनमध्ये 2024 पासून 18 विद्यापीठं आहेत आणि बिग 12 या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये 16. पंचक्रोशी म्हणताना आपण कुठे कोस मोजतो?

आता ‘हक्क अनुदान’. इथे वाक्याचा अर्थच फिरला आहे, म्हणून जरा थांबतो. ‘मीडिया राइट्स’ला ‘प्रक्षेपण हक्क’ हा रुळलेला शब्द आहे. आयपीएलने 2023 ते 2027 चे हक्क 48,390 कोटींना विकले तेव्हा सगळीकडे हाच शब्द वाचला. अमेरिकेत 1984 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कॉलेज फुटबॉलच्या प्रक्षेपणावरची राष्ट्रीय संघटनेची पकड सोडवली. हक्क विद्यापीठांच्या हाती आले. पण एकेकट्याने विकण्यापेक्षा एकत्र विकलं तर भाव चांगला, म्हणून विद्यापीठं आपले हक्क ठरावीक मुदतीसाठी कॉन्फरन्सच्या नावे करून देतात. इंग्रजीत याला ‘ग्रँट ऑफ राइट्स’ म्हणतात; तुम्ही ज्याला अनुदान म्हणता ते हे. सरकार देतं तसे पैसे यात कुणी देत नाही. मराठीत आपण म्हणतो, ‘लिहून दिलं’. गावाकडचा अचूक शब्द हवा तर शेत खंडाने देणं. सातबारा तुमच्याच नावावर राहतो, पण मुदतीत गाव सोडून गेलात तरी पीक ज्याने शेत खंडाने घेतलं त्याचं. बाहेर पडणाऱ्या विद्यापीठाचे घरच्या मैदानावरचे सामने असेच जुन्या कॉन्फरन्सकडे अडकतात. अटलांटिक किनाऱ्यावरच्या एसीसी या कॉन्फरन्समध्ये ही मुदत 2036 पर्यंत आहे. त्यावरून तिचं सभासद असलेलं फ्लोरिडा स्टेट विद्यापीठ 2023 च्या डिसेंबरात कोर्टात गेलं आणि 2025 मध्ये तडजोड झाली.

आणि आता तुमच्या घराजवळची गोष्ट. 1915 मध्ये तुमच्याच राज्यात, पोर्टलंडला, स्थापन झालेली कॉन्फरन्स म्हणजेच पुढची पॅक-12. तिचे सभासद बाहेर पडले कारण 2024 च्या उन्हाळ्यात हक्क लिहून दिल्याची मुदत संपणार होती आणि नवा करार मनासारखा येत नव्हता. आधी 2022 मध्ये यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी निरोप घेतला. 2023 च्या ऑगस्टात एका दिवसात पाच जण गेले, त्यांत ऑरेगनही. आगेमागे आणखी तिघे गेले. मागे राहिले ऑरेगन स्टेट (ऑरेगनच्या शेजारचं वेगळं विद्यापीठ) आणि वॉशिंग्टन स्टेट. बारांच्या परिषदेत दोघेच! तुमच्या मुलाच्या पिढीसाठी हा केवळ शब्दांचा प्रश्न नाही, हे मला कळतं. शेजारच्या गावाशी शंभर वर्षांची चुरस, आणि अचानक दोघांची तालीम वेगळी. यासाठी ‘अस्थिर झाली’ फार कोरडं वाटतं. मी ‘घडी विस्कटली’ म्हणेन.

नेमलेल्या जोड्या मात्र टिकल्या, हे तुम्ही बरोबर लिहिलंय. बोल-करार 2025 च्या हंगामापर्यंत होते, म्हणून सोडून गेलेले संघही जुन्या पॅक-12 च्या खुर्चीवर बसत राहिले. 2024 च्या डिसेंबरात सॅन अँटोनियोला ‘अलामो बोल’मध्ये ब्रिगम यंग आणि कोलोरॅडो भिडले. दोघेही तेव्हा बिग 12 चेच, पण कोलोरॅडो आला तो पॅक-12 च्या जागेवर! चार दिवसांनी रोझ बोलवर ओहायो स्टेटने ऑरेगनला 41-21 हरवलं. ती प्ले-ऑफची, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीची, उपांत्यपूर्व लढत होती, नेमलेली जोड नव्हती. पण ज्या मैदानावर दोन तालमी समोरासमोर यायच्या, तिथे आता दोन्ही पैलवान बिग टेनचे होते.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘प्रक्षेपण हक्क लिहून दिल्याची मुदत संपत आली तशी पॅक-12 ची घडी विस्कटली, अलामो बोलसारख्या लढतींच्या नेमलेल्या जोड्या मात्र 2025 च्या हंगामापर्यंत पाळल्या गेल्या.’ रोझ बोलचं वेगळं वाक्य करा, ताई. त्याला तेवढी जागा द्यायला हवी.