पवनचक्कीचा वेग सारखा बदलतो, मग ग्रिडला ५० हर्ट्झ कसे मिळतात? आणि जास्तीत जास्त वीज काढायला कंट्रोल कसं ठेवावं?

पहिलं काम कन्व्हर्टरचं, म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्राचं. डीएफआयजी (दोन्हीकडून जोडलेला इंडक्शन जनरेटर) मशीनमध्ये स्टेटर, म्हणजे जनरेटरचा स्थिर भाग, थेट ग्रिडवर असतो आणि कन्व्हर्टर फक्त जनरेटरच्या फिरत्या भागाची, म्हणजे त्याच्या रोटरची, फ्रिक्वेन्सी सांभाळतो, म्हणून मशीनच्या क्षमतेच्या साधारण ३० टक्के कन्व्हर्टर पुरतो. फुल कन्व्हर्टरच्या मशीनमध्ये सगळी वीज आधी डीसी होते, मग ५० हर्ट्झची एसी. हे कुठल्याही पुस्तकात सापडेल.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र मी नोकरीत दोन वर्षं भांडलोय.

रेटेड वाऱ्याच्या (ज्याला मशीन पूर्ण क्षमतेवर पोचते) खाली नियम सोपा आहे: जनरेटरचा टॉर्क म्हणजे के गुणिले रोटरच्या, इथे पात्यांच्या चक्राच्या, वेगाचा वर्ग. के हा कंट्रोलरमध्ये भरलेला स्थिर आकडा, तो हवेच्या घनतेवरून काढतात. वारा मोजावाच लागत नाही. नॅसेलवरचा (मनोऱ्याच्या डोक्यावरच्या पेटीवरचा) अॅनिमोमीटर, म्हणजे वारा मोजायचं यंत्र, तसाही पात्यांच्या मागे असतो, त्याच्यावर विसंबू नये. के बरोबर असला की पात्याच्या टोकाचा वेग वाऱ्याच्या ठरावीक पटीत आपोआप राहतो. आमच्या मशीनला ती पट साडेसात होती.

मी सातारा जिल्ह्यात चाळकेवाडीच्या पठारावर होतो, समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर. कंट्रोलरमधला के मात्र घनमीटरला १.२२५ किलो घनतेवर काढलेला, म्हणजे समुद्रसपाटीच्या १५ अंशांच्या हवेचा. पठारावर घनता १.०५ च्या आसपास. म्हणजे जनरेटर रोटरला गरजेपेक्षा जास्त आवळून धरत होता. मास्टचा (वारा मोजायच्या वेगळ्या खांबाचा) वारा आणि रोटरचा वेग मी रात्री बसून ताडून पाहिला, तर साडेसातच्या जागी सात. पात्यांवर धूळ-किडे बसले की त्याहून खाली. आमचे जुने ऑपरेटर मामा आकडे न बघता म्हणायचे, "पाती जड वाजत्यात." त्यांचं बरोबर होतं.

साहेबांचं उत्तर दर बैठकीत तेच: "यंदा वारा कमी आहे. कंपनीच्या आकड्याला हात लावायचा नाही." शेवटी शेजारशेजारच्या दोन मशीनपैकी एकीचा के १५ टक्के उतरवायची परवानगी मिळाली. मधल्या वाऱ्यात ती मशीन महिनाभर दुसरीच्या थोडी पुढे राहिली. अहवाल मी दिला, तो फायलीत गेला.

म्हणून सांगतो, फझी आणि न्यूरल नेटवर्कसारख्या कंट्रोल पद्धतींच्या मागे लागण्याआधी आपल्या जागेची घनता मोजा. के चुकवायचाच तर किंचित कमी बाजूला चुकवा. झुळूक आली की रोटर लवकर वेग घेतो आणि पाती स्टॉलकडे, म्हणजे हवेची पकड सुटण्याकडे, जात नाहीत.

हेही खरं की जास्तीत जास्त विजेच्या बिंदूजवळ आलेख सपाट असतो, त्यामुळे फायदा एक-दोन टक्क्यांचाच. आणि पावसाळ्यात मशीन रेटेडवर गेली की सूत्रं पिचकडे, म्हणजे पात्यांचा कोन बदलण्याकडे, जातात, तिथे के उपयोगी नाही. वॉरंटी चालू असेल तर लेखी परवानगीशिवाय काही बदलू नका. पण कुणी "वारा कमी आहे" म्हणालं, तर मास्टचा आलेख टेबलावर ठेवल्याशिवाय बैठकीतून उठू नका.