स्नोबोर्डच्या साइडवॉलला इडलीसारखी जाळी पडली, आता काय?

प्रश्न : नमस्कार सर. उदगीरला फर्निचरचं दुकान हाय माझं. पुतण्या उत्तराखंडात औलीला स्नोबोर्डिंग (फळीवर उभं राहून बर्फावरून घसरायचा खेळ) शिकून आला आन् म्हनला काका, बोर्ड आपनच बनवू. जुलैमधी पॉपलर लाकडाच्या पट्ट्या चिटकवून कोर म्हंजी मधला गाभा केला, साइडवॉलसाठी म्हंजी कडेच्या पट्टीसाठी राउटर मशीननं खाच मारून दोन भागाचं युरेथेन (दोन द्रव कालवले की घट्ट होनारं प्लास्टिक) ओतलं तर बुडबुडेच बुडबुडे, तरी तसंच फायबर अन् इपॉक्सी लावून पूर्ण केला, आता पुढच्या पायाजवळ साइडवॉल लाकडापासून सुटायलीय. माल डुप्लिकेट होता का? दुसरा बोर्ड सागाचा करू का? गावातले तर हसायलेत, उदगीरला कुठला बर्फ म्हनून.

उत्तर : हसू द्या हो. 1965 साली अमेरिकेत मिशिगनमधल्या शर्मन पॉपेन नावाच्या माणसानं पोरींसाठी दोन स्की एकमेकीला जोडल्या, तिथूनच ह्या खेळाचं सुरू झालं, म्हणजे मूळच घरगुती हाय.

मालाला लगेच नावं ठेवू नका, माझा संशय जुलैवर हाय. युरेथेनच्या एका भागात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, त्याला पाणी लागलं की कार्बन डायऑक्साइड तयार होतो अन् फेस येतो. पावसाळ्यात लाकूड हवेतली ओल ओढून घेतं, वरून कोरडं दिसलं तरी. घरच्या घरी तपासायचं तर त्याच लाकडाचा तुकडा वजन करा, ओव्हनमधी शंभर-एकशेपाच डिग्रीला वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवा. 108 ग्रॅमचा 100 झाला तर ओल 8 टक्के, तेवढी चालते, त्याच्यावर असंल तर ओतूच नका. खाचेला आतून इपॉक्सीचा पातळ हात मारून, वाळला की हलकं घासून मग ओतलं तर अजून बरं.

म्हणजे हे काम आपल्याकडं एप्रिल-मेमधी करायचं, कोरडेपणा फुकट मिळतो. फक्त उन्हात युरेथेन लई लवकर घट्ट होतं, म्हणून पहाटे अन् थोडं थोडंच कालवा. ओतल्यावर पूर्ण कडक होऊ द्या, मग रंधा मारून कोर मधे सात-आठ मिलिमीटर अन् टोकांना दोनेक मिलिमीटरवर आणा, आणि बाहेरचा आकार युरेथेनच्या मधून कापा. तोंडाला रुमाल बांधून भागणार नाही, ऑरगॅनिक व्हेपरचा (रसायनाची वाफ अडवणारा) कार्ट्रिज असलेला मास्क घ्या, ह्यात कंजुषी नको.

आत्ताच्या बोर्डाचं म्हणाल तर जाळी पडलेला भाग वाचत नाही. पटाशीनं चांगला भाग लागेपर्यंत काढा, दोन्ही टोकं तिरपी कापा, सरळ कापली तर जोड तिथंच उघडतो. मग आठवडाभर कोरड्या जागी ठेवा (घाई इथंच नडते). युरेथेनची पट्टी वेगळी ओतून घ्या, ती अन् लाकूड 80 नंबरच्या सँडपेपरनं खरबडीत करा, इपॉक्सीत बारीक भुसा कालवून बसवा आन् क्लॅम्प लावा. क्लॅम्पखाली प्लास्टिक टाका नाहीतर क्लॅम्पसकट बोर्ड औलीला न्यावा लागंल.

साग नको. जड असतो अन् तेलकट, इपॉक्सी नीट धरत नाही, असिटोननं पुसलं तरी मला भरवसा नाही. पॉपलरच बरा, हरियाणात यमुनानगरकडं प्लायवुडसाठी ढिगानं येतो. बांबूच्या पट्ट्यांचे कोरही करतात, आन् बांबू तर तुमच्या लातूर जिल्ह्यातच मिळंल.

आणि तयार बोर्ड मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधी ठेवू नका, साध्या तापमानाला वाळलेलं इपॉक्सी त्या उकाड्यात मऊ पडतं, घरात पलंगाखाली सरकवा.