ग्लिअल पेशी आम्ल बाहेर कसे टाकतात?

प्रश्न : उंदराच्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींना (मेंदूत चेतापेशींना आधार देणाऱ्या ग्लिअल पेशींचा एक प्रकार) २० मिलिमोलर अमोनियम क्लोराइड देऊन आम्ही ते धुऊन टाकतो. पेशी आम्लधर्मी होतात. पुढे बायकार्बोनेट नसलेल्या हेपीज बफरमध्ये (बफर म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) त्या रेंगाळत सावरतात, बायकार्बोनेटमध्ये झपाट्याने. शिवाय दिवसाच्या दुसऱ्या काचपट्टीपासून आकडे भरकटतात. चुकतंय कुठे?
– संशोधक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : पहिली गोष्ट, म्हणजे सावरण्यातला फरक, ही चूक नाहीच. पेशीच्या आत साधारण उणे ८० मिलिव्होल्ट असतात. प्रोटॉन आपल्या ओढीने जिथे जातील तिथे जाऊ दिले, तर आतला पीएच ६.१च्या आसपास घसरेल. तो प्रत्यक्षात ७.१–७.२ राहतो, कारण पेशी आम्ल सतत बाहेर फेकत असते. हेपीजमध्ये हे काम मुख्यतः सोडियम-प्रोटॉन विनिमयक (सोडियम आत घेऊन प्रोटॉन बाहेर टाकणारं पटलातलं प्रथिन) करतो. बायकार्बोनेट मिळालं की सोडियम-बायकार्बोनेट सहवाहकही (दोन्ही एकत्र वाहून नेणारं प्रथिन) हातभार लावतो. हा विद्युतजनक आहे, म्हणजे विद्युतभारही वाहून नेतो : चेतापेशी पेटल्या, बाहेर पोटॅशियम वाढलं, पटल विध्रुवित झालं (आतला उणे व्होल्टेज कमी झाला), की तो बायकार्बोनेट आत ओढतो आणि ग्लिअल पेशी उलट अल्कधर्मी होते. म्हणून मेंदूबद्दल काही म्हणायचं असेल, तर हेपीजमधले आकडे अपुरे.

खात्री करायची तर सोडियम काढून त्याच्या जागी एन-मिथिल-डी-ग्लुकामिन घाला. दोन्ही वाटा बंद पडून सावरणं जवळपास थांबायला हवं. दोन बफरांतले उतार (पीएच सावरण्याचा वेग) मात्र थेट ताडून पाहू नका. बायकार्बोनेटमध्ये बफरक्षमताही (पीएच बदलाला विरोध करण्याची क्षमता) वाढते, म्हणून उतार एकूण बफरक्षमतेने गुणा, मगच आम्लाचा खरा ओघ कळतो.

आता भरकटणारे आकडे. बीसीईसीएफ या पीएच दाखवणाऱ्या चकाकत्या रंगाचं अंशांकन (कॅलिब्रेशन) १० मायक्रोमोलर नायजेरिसिन आणि १४० मिलिमोलर पोटॅशियमने करत असाल, तर संशय पेशींपर्यंत द्रावण नेणाऱ्या नळ्यांवर घ्या. नायजेरिसिन नळीला चिकटून बसतं आणि पुढच्या पेशींच्या पटलातून पोटॅशियमच्या बदल्यात प्रोटॉन आत सोडत राहतं. नुसत्या पाण्याने ते निघत नाही. अंशांकनासाठी नळी आणि पेशी ठेवायचा कक्ष वेगळेच ठेवा. निदान दोन्ही इथेनॉलने धुवा. अंशांकन नेहमी शेवटी.

सिलिकॉनची नळीही तपासा. तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निसटतो. ५ टक्के वायूवर २६ मिलिमोलर बायकार्बोनेटचं द्रावण पीएच ७.४ देतं खरं, पण ते बाटलीत. कक्षात पोचेपर्यंत त्याचा पीएच चढलेला असतो. पीएच कक्षातच मोजा.