खेळून झाल्यावर हे खेळाडू करतात काय?

नमस्कार ताई,

तुमची मुलगी अकरावी सायन्सला आहे, पाचवीपासून बास्केटबॉल खेळते, यंदा राज्य स्पर्धेपर्यंत जाऊन आली. तिच्या बाबांचं म्हणणं, आता दोन वर्षं ग्राउंड बंद आणि मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेचा क्लास सुरू. तिशीत खेळ संपला की हे खेळाडू करतात काय, हा त्यांचा प्रश्न मला रास्त वाटतो, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते.

अमेरिकेत डेव्ह बिंग नावाचा बास्केटबॉल खेळाडू होता. लहानपणी डाव्या डोळ्याला खिळा लागून त्याची नजर अधू झाली होती. तरी १९६६ मध्ये तो डेट्रॉइट पिस्टन्स संघाकडून एनबीए या तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये उतरला आणि दुसऱ्याच मोसमात सर्वाधिक गुण त्याचे होते. १९७१ मध्ये उजव्या डोळ्याचा पडदा सुटला, त्यातूनही तो परत कोर्टवर आला. पण मला सांगायचंय ते वेगळंच. मोसम संपला की हा स्टार खेळाडू डेट्रॉइटच्या एका बँकेत नोकरी करायचा, कर्जाचे व्यवहार शिकायचा. १९७८ मध्ये निवृत्त झाल्यावर त्याने आधी एका पोलाद कंपनीत राहून धंदा समजून घेतला, १९८० मध्ये स्वतःची ‘बिंग स्टील’ काढली आणि पुढे २००९ ते २०१३ तो त्याच शहराचा महापौर होता. त्याची दुसरी कारकीर्द पहिली चालू असतानाच सुरू झाली होती.

आपल्याकडे बास्केटबॉलमध्ये तसा पैसा नाही, हे स्पष्टच सांगते. आपले चांगले खेळाडू रेल्वे, सेनादल, बँका, ओएनजीसी अशा ठिकाणी नोकरीत असतात आणि त्यांच्याच संघातून खेळतात. त्यात एक मोठी सोय आहे: खेळ थांबला तरी नोकरी राहते. राज्य सरकारच्या भरतीतही खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. मात्र तिथे बऱ्याच पदांना पदवी लागते आणि नेमकी तीच बरेच जण अर्धवट सोडतात.

म्हणून बाबांना सांगा, ही दोन वर्षं ग्राउंड बंद करायची नाहीत. १८ वर्षांखालील ज्युनिअर गटाचा काळ हाच आहे, तो परत येत नाही. आणि डॉक्टर व्हायचंय असं ती स्वतः म्हणत असल्याचं तुमच्या पत्रात कुठेच नाही. तिला शरीरशास्त्रात रस असेल तर फिजिओथेरपीचा विचार करा. शिकवायची आवड असेल तर पदवीनंतर पतियाळाच्या एनआयएस या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोचिंग डिप्लोमा आहे. क्लास लावाच, पण सकाळ-संध्याकाळची प्रॅक्टिस सांभाळून जमेल असा. नागपूरच्या उन्हात दुपारी तशीही कोणी खेळत नाही, तो वेळ पुस्तकांचा.

एक काम या रविवारी करा. तिच्या प्रमाणपत्रांची फाइल काढून बसा. प्रत्येकावर नाव दहावीच्या मार्कशीटप्रमाणेच आहे का, जन्मतारीख जुळते का, स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची किंवा शालेय आहे का, पाहा. पुढे नोकरीसाठी क्रीडा विभागाकडून याच कागदांची पडताळणी होते आणि ‘सौ.’ की ‘कु.’, आडनावातला एक वेलांटीचा फरक, एवढ्यावरही धावपळ होते. चूक असेल तर संघटनेकडून आत्ताच दुरुस्त करून घ्या. बारावीला खेळाच्या सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव कॉलेजमार्फत जातो, त्याची तारीख क्रीडा शिक्षकांना विचारून ठेवा.

गुडघ्याचंही बघा. उडी मारून खाली येताना लिगामेंट जाण्याचं प्रमाण मुलींमध्ये जास्त असतं. तिच्या कोचना मांड्यांचे व्यायाम आणि लँडिंगचं तंत्र रोजच्या वॉर्मअपमध्ये घ्यायला सांगा.

भेटायला याल तेव्हा बाबांनाही आणा आणि मुलीला आधी माझ्याशी एकटीने बोलू द्या.